सगळ्यात धाकट्यानं आधी बोलायचं

मी लष्करासाठी सॉफ्टवेअर लिहीत होते असं कळलं, की माणसं जरा सावरून बसतात. आवाज खाली आणून विचारतात, ‘‘क्षेपणास्त्रं वगैरे का हो?’’ मी म्हणते, ‘‘नाही. फॅनबेल्ट.’’ मग चेहरा पडतो बिचाऱ्यांचा. आमच्या एका लांबच्या जाऊबाईंनी तर तोंडावर सांगितलं, की एवढं शिकून शेवटी गॅरेजचाच हिशेब ठेवलास ना! ठेवला बाई. पण त्या गॅरेजात फौजेचे ट्रक, जिपा आणि रुग्णवाहिका दुरुस्तीला येतात, आणि त्या वेळेत परत गेल्या नाहीत तर कुठेतरी डोंगरावर कुणाचं तरी जेवण किंवा औषध अडकून पडतं. असल्या गॅरेजचा हिशेब ठेवणं मला तेव्हाही भारी वाटायचं आणि आज निवृत्तीनंतर, नातवाचे मोजे शोधता शोधताही वाटतं.

संगणक मी पहिल्यांदा पाहिला तो ऐंशीच्या दशकात, नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत. त्याला स्वतंत्र थंड खोली होती, आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. शेठजींनी दसऱ्याला त्याची हळदकुंकू वाहून पूजा केली, तेव्हा कुंकू आत पडू नये म्हणून मीच वर रुमाल धरून उभी होते. त्या कंपनीत प्रोग्राम लिहायला शिकलेच, पण एक गोष्ट त्याहून मोलाची शिकले. ती म्हणजे शिवारफेरी. नवं वाण बाजारात आणायच्या आधी कंपनी ते एखाद्याच्या शेतात लावायची आणि पीक उभं असतानाच आसपासच्या शेतकऱ्यांना फिरायला बोलवायची. लोक सरीतून चालत, बोंड हातात घेऊन दाबून बघत आणि बेधडक सांगत, ‘‘साहेब, झाड मायंदाळ वाढलं, पन बोंड हलकं हाय.’’ साहेब मुकाट्यानं ऐकून घेत. पीक उभं आहे तोवर ऐकलेलं बरं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढे मी मेजर साहेबांच्या कंपनीत आले. मेजर साहेब मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. फौजेतून निवृत्त होऊन त्यांनी स्टेशनजवळ, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावरच्या मजल्यावर सॉफ्टवेअरचं ऑफिस थाटलं होतं. पुण्याला का नाही गेलात, असं कुणी विचारलं की म्हणत, ‘‘पुन्याला लई कंपन्या. हितं मी एकटा. जालना जिल्ह्यात पहिला नंबर कोनाचा? माझा. शेवटचा कोनाचा? माझाच.’’ ऑफिसात आम्ही चौघं, वर एक इन्व्हर्टर. भारनियमनाच्या दिवसांत खरा साहेब तोच होता.

आमच्या हातात आलेलं पहिलं मोठं काम म्हणजे फौजेच्या दुरुस्ती वर्कशॉपचं सॉफ्टवेअर. कुठली गाडी आली, तिला काय झालंय, कुठला पार्ट लागणार, तो भांडारात आहे का, नसला तर कुणाकडे मागायचा, एवढंच त्यात होतं. गुप्त असं काही नाही. ते आम्ही तेव्हाच्या शिरस्त्याप्रमाणे केलं. म्हणजे आधी सगळ्या गरजा कागदावर लिहून काढायच्या, त्यावर अधिकाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि मग दार लावून वर्ष-दोन वर्षं काम करायचं. शिंप्याला एकदा माप दिलं, की ब्लाउज थेट लग्नाच्या दिवशीच बघायचा, मधे एकदाही घालून बघायचा नाही, असा हा प्रकार. आमचा ब्लाउज तयार झाला तोपर्यंत सह्या करणारे सगळे अधिकारी बदलून गेले होते. नव्या साहेबांनी तो पाहिला आणि विचारलं, ‘‘ये किसने माँगा था?’’ त्यांचंही चुकलं नव्हतं. ते सॉफ्टवेअर वर्कशॉपात चालतच नव्हतं.

आमचं नशीब एवढं बरं, की काम काढून घेण्याआधी आम्हांला आणखी एक संधी मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात अधिकाऱ्यांचं मंडळ चाचणी घेणार, तेव्हा पास झालं तर ठीक, नाहीतर रामराम. त्याच सुमारास आमच्यातला सगळ्यात धाकटा प्रोग्रामर, जुन्या जालन्यातला जावेद, सायबर कॅफेतून कागदांचा एक गठ्ठा घेऊन आला. परदेशातल्या प्रोग्रामर मंडळींनी एक नवी रीत काढली होती. तिला ‘अ‍ॅजाइल’ म्हणतात. सगळं एकदम करायचं नाही, तुकड्या-तुकड्यानं करायचं. दर पंधरवड्याला चालता तुकडा वापरणाऱ्याला दाखवायचा, तो नाक मुरडेल तिथे लगेच दुरुस्त करायचं. रोज सकाळी सगळ्यांनी उभ्या उभ्या सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे. आणि मुख्य म्हणजे, जो माणूस हे सॉफ्टवेअर खरोखर वापरणार आहे तो आपल्याशेजारी खुर्ची टाकून बसला पाहिजे.

मी म्हटलं, ‘‘अरे, ही तर शिवारफेरी!’’

मेजर साहेबांना शेवटची अट पटली पण परवडेना. फौज आपला माणूस जालन्यात कशाला बसवील? तरी त्यांनी विचारून पाहिलं. हे काम जवळच्या छावणीतल्या एका कर्नल साहेबांकडे होतं. ते पंजाबी, गोरेपान आणि फार सरळ गृहस्थ. ते म्हणाले, पहिल्यांदा एवढं नुकसान झालंय तर एक हवालदार आणखी. आणि थेट उत्तरेकडच्या, बर्फाच्या बाजूच्या एका वर्कशॉपातून भांडार सांभाळणारा एक हवालदार चाचणी होईपर्यंत आमच्याकडे पाठवला गेला. मेजर साहेबांनी त्यात थोडी फिरवाफिरवी केली असावी, कारण तो नेमका आमच्याच जिल्ह्यातल्या हसनाबादचा निघाला.

हवालदार काशिनाथ पहिल्या दिवशी दारात आला तो कडक इस्त्रीत. मला बघून थबकला. ‘‘तुमी गुरुजींच्या कुसुमताई ना?’’ माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. बदलीच्या एका फेऱ्यात आम्ही काही वर्षं हसनाबादला होतो. काशिनाथ त्यांच्या वर्गात शिकलेला, माझ्याहून चार इयत्ता मागे. मला आठवत नव्हता, पण त्याला आमचं दार, अंगण आणि वडिलांची छडी सगळं आठवत होतं. तेव्हापासून त्यानं एक शिस्त पाळली. ऑफिसात मी ‘मॅडम’, जिना उतरून रस्त्यावर आलो की ‘ताई’.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उभ्या बैठकीत त्याची पाळी आली. त्यानं खाडकन टाचा जुळवल्या, समोरच्या भिंतीकडे नजर लावली आणि ओरडला, ‘‘हवालदार काशिनाथ हाजिर! काल काम दिलं न्हाई. आज दिलं तं करतो. अडचन काहीच न्हाई!’’ खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायला आलं.

‘‘विश्राम, काशिनाथ, विश्राम,’’ मेजर साहेब म्हणाले.

बैठक जमली, पण खरी गाडी पुढेच अडली. पंधरवड्यानं कर्नल साहेब जिपेनं आले, आम्ही पहिला तुकडा दाखवला. साहेबांनी काशिनाथला विचारलं, ‘‘कैसा है?’’ ‘‘बहुत बढ़िया, साब!’’ पुढच्या फेरीला तेच. त्याच्या पुढच्या फेरीलाही तेच. जावेद खूश होता. मला मात्र ते खरं वाटेना, कारण माझं काम इतकं चांगलं कधीच नसतं. एकदा मी चहाचा कप घेऊन काशिनाथच्या मागे मुद्दाम उभी राहिले. तो एकटाच पडद्यावर पार्टची मागणी भरत होता. एक रकाना भरला आणि जीभ टाळ्याला लावून ‘च्’ केलं. पुढचा भरला, पुन्हा ‘च्’.

‘‘काय झालं हो?’’

तो ताडकन उभा राहिला. ‘‘काही न्हाई मॅडम. बराबर हाय.’’

मी मेजर साहेबांना सांगितलं, हा माणूस एकटा असला की नुसता चुकचुकतो आणि साहेबापुढे बढिया म्हणतो. परदेशातल्या त्या पोथीत यावर काही उपाय दिलेला नव्हता. तिकडचे लोक साहेबाला नावानं हाक मारतात, त्यांना असली अडचण येत नसावी. आमच्याकडे कर्नल खुर्चीत बसलेला असताना हवालदारानं ‘हे वाईट आहे’ म्हणायचं म्हणजे काय! सॉफ्टवेअर कर्नलनंच मागवलेलं, तेव्हा त्याला वाईट म्हणणं म्हणजे कर्नलला वाईट म्हणणं.

मेजर साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, ‘‘मॅडम, फौजेत एक जागा अशी हाय का तिथं लहान मानूस आधी बोलतो. कोर्ट मार्शल. मत द्यायच्या टायमाला सगळ्यात कमी हुद्द्याचा मेंबर आधी बोलनार, सगळ्यात मोठा शेवटी. मोठा आधी बोलला तं मंग बाकीचे त्याच्याच मागं जातेत ना.’’

कर्नल साहेबांना ही कल्पना इतकी आवडली, की पुढच्या फेरीला ते आपणहून शेवटच्या खुर्चीत जाऊन बसले आणि तोंडावर बोट ठेवून आम्हांला दाखवलं. पहिला काशिनाथ. तो उभा राहिला. पंखा कुरकुरत होता. त्यानं एकदा मागे वळून विचारलं, ‘‘साब, मेरे बाद बोलेंगे ना?’’ साहेबांनी मान हलवली. मग काशिनाथनं घाम पुसला, आणि इतका वेळ कोंडून ठेवलेलं ते मराठीतच बाहेर आलं.

‘‘न्हाई चालनार हे. बिलकुल न्हाई चालनार.’’

काय चालणार नाही, ते साध्या शब्दांत सांगते. एका ट्रकला पार्ट पाहिजे आणि भांडारात तो नाही. ट्रक तर आजच पाठवायचाय. अशा वेळी मेकॅनिक काय करतो? शेजारी दुसऱ्याच कामासाठी थांबलेल्या गाडीचा तोच पार्ट काढतो आणि ट्रकला बसवतो. नवा पार्ट आला की त्या दुसऱ्या गाडीला. नियमात याला फार वरची परवानगी लागते, म्हणून हे कुणी कागदावर आणत नाही. आमच्या त्या सह्या केलेल्या जाड पोथीत याचा उल्लेखच नव्हता. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या मते ट्रक पार्टशिवाय उभा, आणि प्रत्यक्षात तो केव्हाच डोंगर चढत असायचा.

काशिनाथचं बोलून झालं. आम्ही सगळे कर्नल साहेबांकडे बघू लागलो. ते आधी गंभीर झाले आणि मग खो खो हसले. ‘‘सब करते हैं. लिखता कोई नहीं.’’

त्या दिवसानंतर काशिनाथचं तोंड जे उघडलं ते विचारू नका. फेरीला तो उभा राहिला की जावेद हळूच खुर्ची मागे सरकवायचा. त्याच्या सगळ्याच मागण्या शहाणपणाच्या होत्या असंही नाही. प्रत्येक गाडीचं नाव लाल अक्षरात पाहिजे, कारण लाल रंग लांबून दिसतो. पण पडदा लांबून कोण बघणार? पडदा उघडला की आधी ‘जय हिंद’ आलं पाहिजे, हा तर त्याचा हट्टच. तो आम्ही पुरवला. पुढे सॉफ्टवेअरमध्ये किती बदल झाले, पण ती ओळ काढायची कुणाची छाती झाली नाही.

इकडे आणखी एक काम तुकड्या-तुकड्यानं पुढे सरकत होतं. काशिनाथ हसनाबादला घर बांधत होता. नोकरी लागल्यापासून गावाजवळ पोस्टिंग त्याला पहिल्यांदाच मिळालेलं. रोज मोटारसायकलवर ये-जा करायचा, सकाळी भिंतीला पाणी मारून निघायचा. हळूहळू घर आमच्या उभ्या बैठकीतच येऊन दाखल झालं. ‘‘काल मागनीचा पडदा तपासला. घराच्या खिडक्यांपोत्तर भिंती आल्या. आज पावतीचा पडदा तपासतो. अडचन एकच, सुतार येऊन न्हाई राह्यला.’’ मेजर साहेब गंभीरपणे सुतार सुचवायचे.

त्याची बायको सुमन एकदा लोखंड ठरवायला त्याच्याबरोबर जालन्याला आली होती, तेव्हा ऑफिसात चहा प्यायली. मोकळी, हसरी बाई. मला म्हणाली, ‘‘ताई, लग्नाला इतकी वरसं झाली, पन नवरा सलग एवढे दिस घरात पहिल्यांदाच पाह्यला. आधी आधी तं करमतच नव्हतं, मधे मधे यायचे. आता सवय लागली.’’ मग म्हणाली, ‘‘पोरगी झाली तवा हे नव्हते. सासरे गेले तवाबी नव्हते. आता स्लॅब तेवढा ह्यांच्यासमोर पडू द्या, बास.’’

आमच्याकडे घराचा खरा दिवस वास्तुशांतीचा नाही, स्लॅबचा. त्या दिवशी भाऊबंद गोळा होतात, नारळ फुटतो, मजुरांना गोडाचं जेवण असतं आणि काँक्रीटचं पहिलं घमेलं घरधन्यानं टाकायचं असतं. सुमनचं म्हणणं मला तंतोतंत कळलं. हिशेब केला तर चाचणी आणि स्लॅब साधारण एकाच सुमाराला येत होते, म्हणजे चिंता नव्हती.

आणि मग मेजर साहेबांनी विनोद केला. माणूस मनानं स्वच्छ, पण जिभेला लगाम नाही. एका फेरीला काशिनाथनं एकामागून एक चुका काढल्या तेव्हा ते सगळ्यांदेखत म्हणाले, ‘‘काशिनाथ, तुझ्या घराच्या भिंती अन् आपल्या चुका बराबरीनं वाढून राह्यल्यात बरं का! स्लॅब पडंपोत्तर सॉफ्टवेअर काही नीट होनार न्हाई वाटते!’’

हशा झाला. कर्नल साहेबांना मराठी अर्धंच कळलं, तेही हसले. काशिनाथही हसला.

पुढच्या फेरीला तो पहिला उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘ठीक है, साब.’’ बसला. त्याच्या पुढच्या फेरीला पुन्हा ‘ठीक है.’ चाचणी तोंडावर आलेली, सगळ्यांना हायसं वाटलं. जावेदनं पेढे आणले. मी पेढा खाल्ला, पण माझं लक्ष काशिनाथकडे होतं, आणि दुपारी रिकाम्या ऑफिसात मला पुन्हा तो आवाज ऐकू आला. ‘च्’.

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. ‘‘काशिनाथ, काय सापडलंय?’’

‘‘काही न्हाई मॅडम.’’

‘‘गुरुजींच्या मुलीला खोटं सांगताय?’’

तो खिडकीतून खाली रिक्षांकडे बघत राहिला. चेहरा जेवणावरून उठवलेल्या माणसासारखा. ‘‘मॅडम, मी आता काही बी म्हनलं ना, तं लोक म्हनतेन हा घरासाठी थांबून राह्यला. साहेब गमतीनं बोलले, मला मालूम हाय. पन माझ्याच मनात आलं ना मंग. मी रातच्याला इचार करतो, का ही चूक खरंच चूक हाय का मला घरी ऱ्हायाचं म्हनून दिसून राह्यली? माझं मलाच कळंना. असा मानूस तुमच्या काय कामाचा?’’

मी त्याला पुष्कळ समजावलं. म्हटलं, तुम्ही फक्त सांगा, खरं-खोटं आम्ही तपासू, त्यासाठीच तर पगार घेतो. तो नुसता मान हलवत राहिला. संध्याकाळी मी मेजर साहेबांना ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, फेरीआधी मी त्याच्याशी बोलतो. पण त्याआधीच त्यानं कर्नल साहेबांना फोन लावला होता, आणि पुढच्या फेरीच्या सकाळी काशिनाथ आला तो पूर्ण गणवेशात. मागे रिक्षावाला काळी ट्रंक घेऊन. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर.

बैठक सुरू झाली. तो उभा राहिला. खिशातून परत रुजू होण्याचा हुकूम काढून टेबलावर ठेवला.

‘‘साब, मैंने अपनी वापसी माँग ली. आज शाम की गाड़ी है. अब मैं यहाँ रुकनेवाला नहीं, इसलिए बोल सकता हूँ.’’ मग आमच्याकडे वळून, ‘‘आता ऐका. चूक हाय. मोठी हाय.’’

आणि त्यानं ती दाखवली. दुसऱ्या गाडीचा पार्ट काढून पहिलीला बसवण्याची सोय आम्ही केली होती. नव्या पार्टची मागणी मात्र पहिल्या गाडीच्या नावावर होती. पहिली गाडी दुरुस्त होऊन गेली, तिचं काम बंद केलं, की सॉफ्टवेअर नीटनेटकेपणानं तिच्या उरलेल्या सगळ्या मागण्या पुसून टाकायचं. म्हणजे जिनं पार्ट दिला, तिच्यासाठी येणारा पार्टही पुसला जायचा. पडद्यावर ती गाडी धडधाकट आणि आवारात लंगडी उभी. कुणी तिच्यासाठी कधीच काही मागवणार नाही.

‘‘दिलं तिनं, अन् तिचीच मागनी पुसली,’’ काशिनाथ म्हणाला. ‘‘उद्या ती अ‍ॅम्ब्युलन्स असली तं?’’

जावेद आधीच संगणकावर वाकला होता. त्यानं करून पाहिलं, पुन्हा करून पाहिलं, आणि मान वर न करता म्हणाला, ‘‘बराबर है.’’ आमची सगळी तपासणी पहिल्या गाडीशीच थांबत होती. मागे राहिलेल्या गाडीकडे वळून बघायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. चाचणीत मंडळानं आवारात जाऊन गाड्या मोजल्या असत्या, तर पहिल्याच तासाला आमचं पितळ उघडं पडलं असतं.

पाळीप्रमाणे सगळे बोलले आणि शेवटी कर्नल साहेब. ते उठून काशिनाथजवळ आले. ‘‘ऑर्डर मैं वापस ले लेता हूँ. रुक जाओ. घर का काम पूरा करो.’’

माझा जीव भांड्यात पडला. पण काशिनाथ म्हणाला, ‘‘नहीं साब. फिर बात वही हो जाएगी.’’

कर्नल साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि टेबलावरचा हुकूम उचलून त्याच्या हातात परत दिला. मला मात्र फार राग आला होता. मेजर साहेबांच्या जिभेचा आला, या माणसाच्या ताठ मानेचा आला, आणि खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणीही आलं. स्टेशन आमच्या ऑफिसपासून चालत जाण्याएवढं. निघताना काशिनाथ ट्रंक उचलायला वाकला, तर एका कडीला मेजर साहेबांनी हात घातला. ‘‘साहेब, तुमी न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘चूप,’’ मेजर साहेब म्हणाले. भर बाजारातून निवृत्त मेजर आणि हवालदार एक ट्रंक दोन्हीकडून धरून चालले, आणि मागून आम्ही. गाडी हलेपर्यंत मेजर साहेबांना ‘चुकलो’ हा शब्द काही जमला नाही. गाडी हलली तेव्हा त्यांनी सलाम केला. आधी यांनी, मग त्यानं.

चाचणीचं आताच सांगून टाकते. ती चूक आम्ही दुरुस्त केली. मंडळ खरोखरच आवारात गेलं, गाड्या तपासल्या, आणि आम्ही पास झालो. ते सॉफ्टवेअर पुढे बरीच वर्षं चाललं. फौजेची आणखी कामं मिळाली, आणि प्रत्येक कामात आम्ही कोर्ट मार्शलची ती रीत ठेवली. पुढे मोठ्या शहरांतल्या कंपन्यांची चकचकीत मुलं मला अ‍ॅजाइल शिकवायला यायची. मी शांतपणे ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, ‘‘तुमच्यात आधी कोण बोलतं?’’

आता स्लॅब. तो थांबणार नव्हता. सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याच्या, मिस्त्रीची पुढची कामं ठरलेली. सुमननं निरोप धाडला, अमक्या दिवशी स्लॅब आहे, हे नाहीत तर तुम्ही तरी या. आम्ही ऑफिसला कुलूप लावून सगळेच्या सगळे हसनाबादला गेलो. मेजर साहेबांनी बाह्या वर करून घमेल्यांच्या रांगेत जागा पकडली. जावेद मिक्सरपाशी. मी सावलीत बसेन असं मिस्त्रीला वाटलं होतं. मी शिडीवर चढले. नारळ फुटला आणि पहिलं घमेलं कुणी टाकायचं, यावर भाऊबंदांत कुजबूज सुरू झाली. चुलत्याला मान द्यावा, असं कुणी म्हणालं. सुमननं पदर खोचला, घमेलं उचललं आणि स्वतःच टाकलं.

दुपारी गोडाचं जेवण चाललं होतं आणि समोरच्या किराणा दुकानातला फोन वाजला. काशिनाथचाच. तिकडे कुठल्या तरी बूथवरून, मागे वारा घोंगावत होता. मेजर साहेबांनी रिसीव्हर हातात घेतला, आणि कानाला लावायच्या आधीच थांबले. जावेदकडे सरकवला. ‘‘सगळ्यात धाकट्यानं आधी.’’

‘‘एकदम झकास, हवालदार साहेब!’’ जावेद ओरडला. ‘‘लई भारी स्लॅब! काहीच टेन्शन न्हाई!’’

तिकडून काहीतरी बोलणं झालं आणि जावेदनं फोन माझ्याकडे दिला.

‘‘ताई,’’ काशिनाथ म्हणाला, ‘‘जावेदभाई बढिया म्हनून राह्यले. तुमी तं खरं सांगा.’’

सुमन शेजारीच उभी होती, हाताला सिमेंट, चेहऱ्यावर दिवसभराचं हसू. अशा दिवशी कुणी वाकडं बोलत नाही. पण स्लॅब ओतून झाल्यावर मिस्त्रीनं नळीत पाणी भरून पातळी धरली होती, ती मी शिडीवरून पाहिली होती. मी सुमनकडे बघितलं. तिनं मान हलवली, सांगा.

‘‘जिन्याकडचा कोपरा उतरलाय,’’ मी म्हटलं. ‘‘पावसाळ्यात पाणी साचेल तिथं. मिस्त्री म्हणतो गिलाव्यात निघून जाईल. मला नाही वाटत निघेल.’’

‘‘किती उतरलाय?’’

‘‘बोटभर.’’

‘‘जिन्याच्या डाव्या अंगाला का उजव्या?’’

‘‘डाव्या. कडुनिंबाच्या बाजूला.’’

‘‘हां,’’ काशिनाथ म्हणाला, आणि त्यानं मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला. ‘‘हां ताई. आता दिसलं मला घर.’’